सदुसष्टांचा हिशेब आणि हजारीबागची पेटी

नीट-पदवी २०२४ च्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा सविस्तर निकाल २ ऑगस्टला प्रसिद्ध झाला. फेरपरीक्षा होणार नाही, हे २३ जुलैलाच सांगून झाले होते. त्यामागची कारणमीमांसा आता वाचायला मिळते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने एकाच निकालपत्रात दोन गोष्टी केल्या आहेत. परीक्षा कायम ठेवली आहे आणि ती घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेचे, म्हणजे एनटीएचे, वाभाडेही काढले आहेत. परीक्षा वाचली एवढेच एका बाजूने ऐकले, वाभाडे तेवढे दुसऱ्या बाजूने. त्यामुळे ‘घोटाळा झालाच नव्हता’ आणि ‘घोटाळा दडपला गेला’ अशा दोन आरोळ्यांत मूळ विषय हरवून गेला आहे.

माझ्या मते या सबंध प्रकरणाचे मर्म असे आहे: ज्या आकड्यांवरून देश पेटला, त्यांत फसवणूक नव्हती; आणि जी खरी फसवणूक झाली, ती कोणत्याही आकड्यात दिसली नाही. हे दोन धागे वेगळे केल्याशिवाय न्यायालयाने काय केले आणि काय त्याच्या आवाक्याबाहेरचे होते, हे कळणार नाही.

५७१ शहरांत (त्यांत परदेशातील १४ शहरेही आली) आणि ४,७५० केंद्रांवर ५ मे रोजी परीक्षा झाली. सुमारे २३ लाख ३३ हजार विद्यार्थी तिला बसले. निकाल १४ जूनला अपेक्षित होता. तो लागला ४ जूनला, म्हणजे लोकसभेची मतमोजणी चालू असताना. दहा दिवस आधी आणि नेमका त्याच दिवशी! सरकारी कामात तत्परता दिसली की आपल्याकडे शंका येते, आणि ती शंका पुष्कळदा रास्तही असते. त्यात पहिल्या क्रमांकावर ६७ जण. ७२० पैकी ७२०. आदल्या वर्षी पूर्ण गुण मिळवणारे दोन होते. काहींना ७१८, काहींना ७१९ गुण. बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक या पद्धतीत ७२० च्या खालोखाल ७१६ किंवा ७१५ येतात. ७१८ आणि ७१९ येणे गणिताने अशक्य. हे कोणत्याही अकरावीतल्या मुलाला दिसले आणि दुसऱ्या दिवसापासून काहूर उठले.

आता सदुसष्टांचा हिशेब मांडून पाहा. सहा जणांना पूर्ण गुण मिळाले ते वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून दिलेल्या वाढीव गुणांमुळे. चव्वेचाळीस जणांना ते मिळाले भौतिकशास्त्रातील एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरल्यामुळे. उरले सतरा. २६ जुलैच्या अंतिम निकालात पहिल्या क्रमांकावर नेमके १७ विद्यार्थी आहेत. ६७ हा आकडा कोणा टोळीची करणी नव्हती; तो ओखल्याच्या कार्यालयात घेतलेल्या दोन निर्णयांची बेरीज होता.

या दोन निर्णयांकडे जरा सावकाश पाहायला हवे, कारण संशयाचे बीज तिथेच पडले.

पहिला निर्णय वेळेचा. सहा केंद्रांवर चुकीचा प्रश्नपत्रिका-संच वाटला जाणे किंवा अशाच गोंधळांमुळे वेळ वाया गेला. प्रश्नपत्रिकांचे दोन संच दोन वेगळ्या बँकांच्या तिजोऱ्यांत ठेवले होते आणि परीक्षेच्या दिवशी कोणता वापरायचा ते ऐनवेळी कळायचे. दिल्लीला खेटून असलेल्या हरियाणातील बहादूरगडच्या एका केंद्रावर हाच घोळ झाला. तक्रारी उच्च न्यायालयांत गेल्या आणि एनटीएने १,५६३ विद्यार्थ्यांना भरपाईचे गुण देऊन टाकले. त्यासाठी आधार घेतला २०१८ च्या विधी प्रवेश परीक्षेच्या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या सूत्राचा. पण ती परीक्षा संगणकावर झाली होती. कोणत्या उमेदवाराचा पडदा किती मिनिटे बंद होता, त्याने कोणता प्रश्न कधी सोडवला, याची नोंद यंत्रात होती. म्हणून त्याच्या वेगावरून भरपाई काढता येत होती. नीटमध्ये बॉलपेनाने गोल रंगवायचे असतात. तिथे कोणाची किती मिनिटे गेली, हे पर्यवेक्षकाच्या अंदाजाखेरीज कशावरून ठरवणार? सूत्र उचलले, त्याला लागणारी मोजणी मात्र नव्हती. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून ही चूक व्हावी, याचे आश्चर्य वाटते.

परिणाम भोगले मुलांनी. बहादूरगडच्या केंद्रातील लागोपाठचे बैठक क्रमांक आणि त्यांपुढचे पूर्ण गुण यांची यादी देशभर फिरली. ही मुले फसवी आहेत, असे लोकांनी ठरवून टाकले. १३ जूनला वाढीव गुण मागे घेतल्याचे केंद्राने न्यायालयात सांगितले आणि २३ जूनला फेरपरीक्षा ठेवली. १,५६३ पैकी ८१३ जण आले. पुढे केंद्रनिहाय गुण जाहीर झाले, तेव्हा बहादूरगडच्या त्या केंद्रावर ६८२ च्या वर कोणीच नव्हते. म्हणजे लबाडीचा अड्डा म्हणून ज्याची छी-थू झाली, ते प्रत्यक्षात चुकीचा संच हाती पडल्याने वेळ गमावलेल्या मुलांचे केंद्र होते. त्यांची क्षमा मागितली गेल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही.

दुसरा निर्णय अणूचा, आणि विज्ञानाच्या वाचकाला तो अधिक रंजक वाटावा. प्रश्नात दोन विधाने होती. पहिले असे की, धन आणि ऋण प्रभार समान असल्यामुळे अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. ते निर्विवाद. दुसऱ्या विधानात म्हटले होते की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपापला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट उत्सर्जित करतात. यात दोन गफलती आहेत. सर्वच मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. किरणोत्सारी मूलद्रव्ये बारावीच्या अभ्यासक्रमातच आहेत. आणि किमान ऊर्जेच्या अवस्थेतील अणू काहीही उत्सर्जित करत नाही; त्याला बाहेरून ऊर्जा देऊन उत्तेजित केले आणि इलेक्ट्रॉन खालच्या पातळीवर परतला, की त्या मूलद्रव्याची ओळख पटवणाऱ्या प्रकाशरेषा दिसतात. तेव्हा पहिले विधान बरोबर आणि दुसरे चूक, हेच उत्तर. पण एनसीईआरटीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य सैल लिहिलेले होते, नव्या आवृत्तीत ते सुधारले गेले. जुने पुस्तक वापरणाऱ्यांवर अन्याय नको म्हणून एनटीएने दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली.

यात सहानुभूती आहे, हे मान्य. घरातल्या थोरल्या भावंडाचे पुस्तक वापरणारी मुले याच देशात आहेत. पण एनटीएच्याच सूचनेत नवी आवृत्ती वापरावी असे होते. शिवाय एका प्रश्नाची परस्परविरोधी दोन उत्तरे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. संदिग्धता ओळखून, गुण कापले जाण्याच्या भीतीने ज्यांनी प्रश्न सोडून दिला, त्यांचे काय? हा मुद्दा याचिकेतून पुढे आला. २२ जुलैला न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञांची समिती नेमून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मत देण्यास सांगितले. अणूचा वर्णपट कधी दिसतो, हा प्रश्न हौज खासच्या प्राध्यापकांनी एका रात्रीत सोडवून टिळक मार्गावर पाठवला! उत्तर एकच बरोबर ठरले आणि सुमारे ४ लाख २० हजार विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले. मिळालेले चार गेले, वर एक वजा झाला.

पाच गुण म्हणजे किती? जिथे एकेका गुणावर शेकडो जण उभे असतात, तिथे पाच गुणांनी क्रमांक हजारोंनी हलतो. सरकारी महाविद्यालय आणि खासगी महाविद्यालय यांतला फरक कुटुंबाच्या लाखो रुपयांचा असतो. उत्तरतालिकेची ही छाननी निकालाआधी, शांतपणे, तज्ज्ञांकरवी करता आली असती. आक्षेप मागवले गेले होते आणि ते हजारोंनी आलेही होते. निकालानंतर सात आठवड्यांनी, सरन्यायाधीशांच्या पीठासमोर, निम्म्या देशाचे लक्ष असताना ती करावी लागली.

आता जे दिसले नाही, त्याकडे येऊ.

झारखंडमधील हजारीबागच्या एका शाळेत ५ मेच्या सकाळी प्रश्नपत्रिकांची पेटी पोहोचली. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या, म्हणजे सीबीआयच्या, म्हणण्यानुसार त्यानंतर शाळेच्या संगनमताने एक जण त्या खोलीत शिरला, पेटी उघडून प्रश्नपत्रिकेची छायाचित्रे काढून घेतली गेली, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांकडून ती सोडवून घेतली गेली आणि हजारीबाग व पाटण्यात जमवून ठेवलेल्या उमेदवारांकडून उत्तरे पाठ करून घेण्यात आली. परीक्षा दुपारी दोनला होती. पाटणा पोलिसांना त्याच दिवशी सुगावा लागला होता आणि अर्धवट जळालेले कागदही सापडले होते. न्यायालयाने निकालात नोंदवले आहे की, प्रश्नपत्रिका ठेवलेल्या खोलीचा मागचा दरवाजा उघडा राहू दिला गेला आणि प्रश्नपत्रिका ई-रिक्षातून नेल्या गेल्या. ज्या कागदावर २३ लाख मुलांची दोन-तीन वर्षे बांधलेली, तो बाजारच्या भाजीसारखा ई-रिक्षात!

सीबीआयने लाभार्थ्यांची संख्या १५५ दिली. या १५५ मुळे पहिल्या क्रमांकांची संख्या फुगली नाही. ७२० गुणांचे रहस्य वेगळेच होते. पेपर मात्र फुटला होता, याविषयी न्यायालयालाही शंका नव्हती. त्याच्यासमोर प्रश्न होता तो एवढाच की, ही फूट सबंध परीक्षेला लागलेली कीड आहे, की काही फांद्या छाटून झाड वाचवता येईल. या कसोटीला पूर्वपीठिका आहे. दिल्ली सरकारच्या मुख्य लिपिक पदांच्या भरतीत गैरप्रकार इतके खोलवर होते की प्रामाणिक आणि अप्रामाणिक वेगळे काढणे शक्य नाही, असे म्हणून त्या परीक्षेचे रद्द होणे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच वैध ठरवले होते. नीटमध्ये पीठाने उलट निष्कर्ष काढला: फूट हजारीबाग आणि पाटण्यापुरती आहे, लाभार्थी वेगळे काढता येतात.

या निष्कर्षाला आधार दिला आकडेवारीने. मद्रासच्या आयआयटीने पहिल्या १ लाख ४० हजार क्रमांकांचे शहरनिहाय आणि केंद्रनिहाय विश्लेषण केले आणि सांगितले की गुणांचा आलेख मोठ्या परीक्षेत अपेक्षित तसाच आहे, सामूहिक गैरप्रकाराची खूण नाही. या संस्थेचे संचालक पदसिद्ध नात्याने एनटीएच्या नियामक मंडळावर असल्याचा आक्षेप याचिकाकर्त्यांनी घेतला. तो महत्त्वाचा आहे, पण मला त्याहून मूलभूत अडचण दिसते. २३ लाख ३३ हजारांत १५५, म्हणजे दर १५ हजारांमागे एक. इतका बारीक खडा कोणत्याही आलेखाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर उठून दिसणार नाही, विश्लेषण कितीही निष्णात माणसाने केलेले असो. त्या आलेखावरून एवढेच म्हणता येते की फसवणूक लाखांच्या घरात झाली नाही. शेकड्यांत झाली की नाही, याविषयी तो मुका आहे. घाऊक पेपरफुटी झाली नाही, या मर्यादित निष्कर्षासाठी न्यायालयाने त्याचा वापर केला, हे योग्यच. परंतु ‘आकडेवारीने परीक्षा निर्दोष ठरवली’ असे जे लोक आता लिहीत आहेत, ते आलेखाच्या तोंडी न बोललेले शब्द घालत आहेत.

इथे २०१५ ची आठवण अपरिहार्य आहे. त्या वर्षी नीट नव्हती. सीबीएसई अखिल भारतीय वैद्यकीय पूर्वपरीक्षा घेत असे. ३ मेच्या परीक्षेत हरियाणातील रोहतकमध्ये पोलिसांनी एक टोळी पकडली. अंगातल्या बनियनला शिवलेली उपकरणे, त्यांत सिमकार्ड, कानात सूक्ष्म श्रवणयंत्र, आणि बाहेरून येणारी उत्तरे. तपासात ४४ लाभार्थी आढळले. परीक्षेला बसलेले सुमारे ६ लाख ३० हजार. १५ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सबंध परीक्षा रद्द केली आणि २५ जुलैला ती पुन्हा झाली. भागाकार करून पाहा: दर १४ हजार ३०० मागे एक. नऊ वर्षांनंतरचे प्रमाण जवळपास तेच, निर्णय मात्र नेमका उलटा.

यात विसंगती आहे असे म्हणणे सोपे आहे, आणि या दोन महिन्यांत अनेकांनी तसे म्हटले. मला ते पूर्णपणे पटत नाही. २०१५ मध्ये निकाल लागलेला नव्हता, त्यामुळे कोणाच्या हातात आलेले काही हिरावून घ्यायचे नव्हते. शिवाय उत्तरे लहरींवरून प्रक्षेपित झाली होती. ४४ सापडले तरी आणखी किती कानांपर्यंत ती गेली, हे सांगण्याची सोय नव्हती. हजारीबागमध्ये वाट कागदाची होती, ठिकाणे आणि माणसे मोजकी होती. दुरून येऊन दिल्लीच्या कालू सरायमध्ये किंवा लातूरच्या शिकवण्यांत दोन वर्षे काढलेल्या २३ लाखांना १५५ जणांसाठी पुन्हा परीक्षेला बसवणे, हा अन्यायावरचा उपाय म्हणून दुसरा अन्याय झाला असता. म्हणून फेरपरीक्षा नाकारण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. मात्र तो ज्या गृहीतावर उभा आहे, ते उघडपणे बोलले पाहिजे: सीबीआयला सापडले तेवढेच लाभार्थी आहेत. हे गृहीत खरे की खोटे, ते याचिकाकर्त्या विद्यार्थ्याने कसे तपासायचे?

माझा खरा आक्षेप इथे आहे. गैरप्रकार सर्वदूर झाला, हे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यांवर, आणि ते सिद्ध करायला लागणारी सगळी सामग्री एनटीएच्या कपाटात. केंद्रनिहाय गुण मिळावेत म्हणून न्यायालयाला १८ जुलैला आदेश द्यावा लागला. ओळख झाकून ते २० जुलैला संकेतस्थळावर आले, आणि सुनावणी संपली २३ ला. मधल्या तीन दिवसांत हौशी विश्लेषकांनी राजकोट आणि सीकरच्या केंद्रांवर बोट ठेवले: इथे एवढे उच्च गुण कसे? आता लातूरचा संदर्भ असलेल्या मराठी वाचकाला याचे एक साधे उत्तर सुचेल. जिथे शिकवण्यांची बाजारपेठ आहे, तिथे तयारीची मुले एकवटतात आणि त्या गावाची केंद्रे सरासरीच्या वर जातात. ‘लातूर पॅटर्न’चे कौतुक आपण याच कारणासाठी वर्षानुवर्षे केले. सीकरचे गुण संशयास्पद, तर लातूरचेही संशयास्पद म्हणावे लागतील. खरी तुलना त्याच शहराच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या गुणांशी करायची, आणि ते गुण लोकांसमोर आधीपासून असायला हवेत. ते तसे नव्हते. अंधारात ठेवलेली आकडेवारी अचानक उजेडात आली की प्रत्येक उंचवटा भूत वाटतो.

लातूरचे नाव या प्रकरणात आणखी एका कारणाने आले. जूनमध्ये नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या कारवाईनंतर जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना अटक झाली. गुण वाढवून देतो म्हणून पालकांकडून पैसे घेतल्याचा आरोप आहे आणि त्याचा धागा दिल्लीतल्या एका व्यक्तीपर्यंत जातो, असे तपासयंत्रणेचे म्हणणे. तिथे प्रश्नपत्रिका हाती होती असे पुढे आलेले नाही. या धंद्याला फुटलेला पेपर लागतोच असे नाही. परीक्षा विकत घेता येते, असा समज पालकांच्या मनात रुजलेला असला की पुरे. तो समज रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर एनटीएच्या मौनाकडे आणि तिच्या कोलांटउड्यांकडे जाते. अशी धरसोड टाळा, असे न्यायालयानेही तिला स्पष्ट बजावले आहे.

सरकारने २१ जूनपासून सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा कायदा लागू केला. संघटित गुन्ह्याला १० वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटीचा दंड. कायदा हवाच होता. पण ५ मेच्या गुन्ह्याला तो मागे जाऊन लागत नाही, आणि उघड्या मागच्या दाराला कलमाची कडी बसत नाही. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीकडून ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत अहवाल अपेक्षित होता. संगणकावर परीक्षा घ्या, हा सल्ला सर्वात मोठ्याने दिला जात होता. त्यात पेटी आणि ई-रिक्षा जातील, हे खरे. पण २३ लाखांसाठी अनेक सत्रे लागतील, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असेल, आणि सत्रांतील काठिण्याचा फरक समान पातळीवर आणण्याचे सांख्यिकी सूत्र येईल. एका अणूच्या प्रश्नावरून चार लाखांचे गुण हलले. तिथे प्रत्येकाचेच गुण सूत्रातून येणार. ते सूत्र, मागील वर्षांची केंद्रनिहाय आकडेवारी आणि प्रत्येक पेटी कोणी केव्हा उघडली याची नोंद, या तीन गोष्टी निकालाच्या दिवशीच आणि न्यायालयाने न सांगता जाहीर होत नसतील, तर कागद जाऊन संगणक आला तरी पुढच्या वर्षी याचिका येतीलच, आणि येणेच रास्त ठरेल.

१४ ऑगस्ट २०२४ पासून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या. गैरप्रकाराचा लाभार्थी पुढे कधीही सापडला, तरी त्याला प्रवेशावर हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाने नमूद करून ठेवले आहे. ही तरतूद पोकळ नाही. मध्य प्रदेशातील व्यापम घोटाळ्यात २००८ ते २०१२ या काळात प्रवेश घेतलेल्या ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. तोवर त्यांतील अनेकांचा अभ्यासक्रम संपत आला होता किंवा संपलाही होता. त्या ६३४ जागा मात्र गुणवत्ता यादीत त्यांच्या खाली राहिलेल्यांपैकी कोणालाही मिळाल्या नाहीत; तोपर्यंत ती मुले दुसरे काहीतरी शिकून कामाला लागली होती.